करुरात मोजणी करायचीय? कॅमेरा राहू दे, आधी एक वाट धरा

तुम्ही विचारलंय की नैरोबीत दोन वर्षं नोकरी आहे, शनिवार-रविवार मोकळे असतात, करुरा जंगलात प्राणी आणि झाडं मोजायचीत, तर कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) कुठला घेऊ. माझं ऐका, आत्ता कुठलाच घेऊ नका. मी अकरा वर्षं इथे भटकतेय, आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे शिवणाची टेप आणि पेन्सिल (पेन नाही, पहाटेच्या दवात शाई फुटते).

आधी परवानगीचं. हे जंगल केनिया फॉरेस्ट सर्व्हिसच्या ताब्यात आहे आणि फ्रेंड्स ऑफ करुरा ही स्थानिकांची संस्था सोबत काम करते. त्यांच्या कामात हातभार लावायचा तर त्यांनाच भेटा, पण स्वतःचा अभ्यास करून छापायचा असेल तर नाकोस्टीचं (संशोधनाला परवानगी देणारी केनियाची सरकारी संस्था) संशोधन लायसन्स लागतं. आणि नमुन्यांसाठी कागदी पाकिटं न्या हं, २०२० पासून इथल्या जंगलांत एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक नेता येत नाही.

आता मोजणी. एक ठरावीक वाट धरा, एखादा किलोमीटर पुरे, आणि महिन्यातून दोनदा त्याच वेळेला, त्याच चालीने चाला. दिसलं ते लिहा, वाटेपासून सरळ किती आत होतं ते लिहा, आणि काहीच दिसलं नाही तर 'काही नाही' हेही लिहा. हे शेवटचं कोणीच करत नाही! मग वर्षाच्या शेवटी वहीत फक्त चांगले दिवस उरतात आणि त्यावरून जंगलात प्राणी वाढले की कमी झाले काहीच कळत नाही.

कोलोबस माकडांचं सांगते, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलेय. ही काळीपांढरी, लांब झुपकेदार शेपटीची माकडं करुरात बाहेरून आणून पुन्हा सोडलेली आहेत, त्यामुळे त्यांचा आकडा सगळ्यांनाच हवा असतो. पहिल्या वर्षी मी झाडाखाली उभी राहून मोजायचे आणि एकच टोळी दोनदा धरायचे, कारण पानांत ती वरखाली होत राहतात. मग एका जुन्या गार्डने शिकवलं, झाडाखाली नाही, फटीपाशी उभं राहा. दोन झाडांमध्ये मोकळी जागा असते तिथून टोळी एकेक करून उडी मारते, दाराशी उभं राहून वऱ्हाड मोजावं तसं मोजायचं. पांढरंशुभ्र पिल्लू पोटाशी दिसलं तर वेगळं लिहा, नवजात आहे. साइक्स माकडं मात्र डबा बघून जवळ येतात, त्यांना खायला घालू नका प्लीज. आणि सुनी नावाचं इवलंसं हरीण, आपल्या पिसोरीपेक्षा थोडंसंच मोठं, ते दिसायच्या आधीच पळतं, त्याच्या लेंड्यांचे ढीग शोधा, ते ठरलेल्या जागीच टाकतं.

झाडांचा घेर १.३ मीटर उंचीवर घ्यायचा, उतार असेल तर वरच्या बाजूला उभं राहून, आणि खोड त्याच्या खालीच फुटलं असेल तर दोन खोडं धरायची. मुहुगु आणि मुथिगा ही दोन नावं पाठ करा. मुहुगुचं लाकूड कोरीवकामाला जातं. मुथिगाची साल मिरीसारखी झोंबते आणि औषधाला लोक ती सोलून नेतात, एका बाजूची गेली तर झाड तगतं, पण चारी बाजूंनी गोल सोलली की वाळतंच. अशी जखम दिसली की जागा लिहून त्याच दिवशी गार्डला सांगा, महिन्याच्या रिपोर्टची वाट बघू नका.

घाणेरीबद्दल तुम्ही म्हणालात 'सगळी उपटून टाकू'. नका. आपल्याकडे माळरानावर जी माजते तीच ही, छाटली की दुप्पट फुटते, म्हणून मुळासकट काढावी लागते हे खरं. पण सुनीला लपायला दाट झुडूपच लागतं. एकदम साफ केलं तर गरुडाला ताट वाढून दिल्यासारखं, क्राउन्ड ईगल आहेत इथे. छोटे छोटे तुकडे घ्या, तिथे स्थानिक रोपं लावा, ती गुडघ्याच्या वर आली की पुढचा तुकडा. निलगिरीचंही तसंच, एकदम नाही, टप्प्याटप्प्यानेच.

आणि हो, इथले लोक जंगलाबद्दल हळवे का आहेत ते समजून घ्या. १९९० च्या दशकात ही जमीन बिल्डरांना वाटली जात होती, जानेवारी १९९९ मध्ये केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वंगारी मथाई इथे रोप लावायला आल्या तर भाड्याच्या गुंडांनी त्यांचं डोकं फोडलं. त्यांना शांततेचं नोबेल मिळालं ते त्यानंतर, २००४ ला. त्यामुळे वही घेऊन झुडपात उभ्या असलेल्या परक्या माणसाला कोणी दहा प्रश्न विचारले तर रागावू नका, हसून उत्तरं द्या.

कॅमेऱ्याचं सहा महिन्यांनी विचारा, तोवर वाटेवर कुठे काय जातं ते तुम्हालाच कळलेलं असेल. पहिल्या शनिवारी यायचं असेल तर मेसेज टाका, स्वेटर आणा, जुलैत इथे पहाटे चांगलीच थंडी असते.