मोठी गाडी काढून हायब्रिड घेऊ का?

प्रश्न: ताई, दहा वर्षं सेव्हन सीटर चालवतोय, पण आता मुलं बाहेर, गाडीत बहुतेक वेळा मी एकटाच आणि ती लिटरला जेमतेम ८ किलोमीटर देते. हायब्रिड घ्यावी म्हणतोय, पण सारखं चार्जिंगला लावत बसायचं का? आणि बॅटरीची भीती वाटते ती वेगळीच.

उत्तर: अहो, हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली गाडी, आणि साध्या हायब्रिडला प्लगच नसतो, ब्रेक दाबला की मोटर जनरेटरसारखी फिरते आणि बॅटरी भरते, बाकीचं इंजिन बघतं. म्हणून सिग्नल-ट्रॅफिकमध्ये ही गाडी खरी कमाल करते, तुमचं रनिंग सगळं हायवेचंच असेल तर मात्र फरक कमी पडेल, हे धरूनच चला. हिशोब बघा, १००० किलोमीटरला ८ च्या ॲव्हरेजने १२५ लिटर लागतात, २० च्या ॲव्हरेजने ५०, म्हणजे ७५ लिटर वाचले, पण २० ची २५ केलीत तर फक्त १० च वाचतात, तेव्हा शोरूममधल्या शेवटच्या दोन-चार आकड्यांवरून भांडू नका.

बॅटरीचं म्हणाल तर टोयोटाची हायब्रिड गाडी प्रियस १९९७ ला आली, म्हणजे हे काही कालचं खूळ नाही. सिस्टिम बॅटरी पूर्ण रिकामी होऊच देत नाही. फक्त बऱ्याच मॉडेल्सना मागच्या सीटपाशी बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, तिच्यावर पिशव्या टाकू नका. वॉरंटी नीट वाचा.

आणि हो, सुरू केल्यावर आवाज येत नाही, पहिल्या दिवशी तुम्ही दोनदा बटण दाबणार!