हार्मोनियम येते. एखादा उन्हाळा नॉर्वेसारख्या गार देशात चर्चचा ऑर्गन वाजवत काढता येईल का?

'गारव्यात उन्हाळा काढायचा' हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. माझा थोरला भाऊ गेली कित्येक वर्षं हेच म्हणतो: पेरणीच्या तोंडावर वावर सोडून हा गारव्याला पळाला.

आम्ही अचलपूर तालुक्यातले. वडील गावच्या चर्चमध्ये पायपेटी वाजवायचे, तीच मी शिकलो. पुढे नागपुरात पियानो, आणि मग चर्च-संगीत शिकायला ओस्लो. जुलैत तिकडे सगळा देश रजेवर असतो, चर्चचा ऑर्गनिस्टही. पण माणसं काही रजा बघून मरत नाहीत, त्यामुळे बदली माणूस लागतो. तसा मी एका वर्षी जून-जुलै नॉर्वेच्या उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर, कोळ्यांच्या एका गावात होतो.

गारवा होता, खरं आहे. पारा पंधराच्या वर गेला की लोक अंगणात उघड्या अंगानं पडून राहायचे. आम्ही ४५ अंशांत वखरणी करणारी माणसं, मी स्वेटरात. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकडी मांडवांवर टांगलेला कॉड मासा, मीठ न लावता नुसत्या वाऱ्यावर वाळवलेला, जूनमध्ये उतरवत होते. वास थेट आमच्या आठवडी बाजारातल्या सुकटीच्या ओळीचा. पहिल्या दिवशी त्या वासानंच बरं वाटलं.

मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य मावळतच नाही. खिडकीला जाड काळा पडदा लावूनही मला झोप येईना. अशाच एका रात्री साडेबाराला मी चर्चच्या दगडी कुंपणावर बसलो होतो, समोर समुद्रावर ऊन. भावाचा फोन आला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे चार.

"जागा हायेस का बे?"

"झोप येत नाही, उजेड आहे."

"तुले काय, उजेडच उजेड. इथं लाईन आता आली. बॅटरी धरून तुषार लावून रायलो."

पाऊस दोन आठवडे गायब होता. विहिरीजवळचं दोन एकर वाचत होतं, बाकीचं सोयाबीन करपलं. दुबार पेरणी ठरलेली, बियाण्याला पैसे नाहीत. मी म्हटलं, पाठवतो. तो म्हणाला, "मयताच्या पैशाचं बी उगवते का रे?"

कारण त्याच दिवशी दुपारी मी एका म्हाताऱ्या कोळ्याच्या अंत्यविधीला वाजवून आलो होतो, आणि ते मी त्याला बोलून बसलो होतो. त्या विधीतही फजिती झाली होतीच. ऑर्गनला खालच्या सुरांसाठी, म्हणजे खर्जासाठी, पायांनी दाबायच्या पट्ट्या असतात. दुसऱ्या गीताच्या मधोमध पायाखालचा एक खर्ज अडकला. पाय उचलला तरी घूंऽऽ चालूच. पायपेटीत असं झालं की भाता सोडायचा, दोन क्षणांत आवाज मरतो. इथं हवा मोटरवर, ती कशी सोडणार! खर्जाच्या नळ्या चालू-बंद करणारा खटका आत ढकलला, तो आवाज बंद पडला आणि उरलेला सगळा खर्ज डाव्या हातानं वाजवला. हा तोच हात ज्याला वडील 'आळशी' म्हणायचे. आधी हात पेटीवर बसव, पायांचं नंतर बघू, असं मी सुरुवातीला का शिकलो याचं उत्तर मला त्या दुपारी मिळालं. शवपेटी बाहेर नेल्यावर मयताच्या बायकोनं वर गॅलरीकडे बघून मान हलवली, एवढंच. तिकडची माणसं तेवढंच बोलतात.

तर भाऊसाहेब, हा गारवा.

आता तुमचं. हाताची हार्मोनियम येते म्हणजे ऑर्गन येतो, असं कुणी सांगत असेल तर त्याला ऑर्गन माहीत नाही. तुमचा डावा हात आजवर भाता मारत आला. इथं त्यालाही सूर वाजवायचे आहेत, आणि पायांना वेगळेच. पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज वाढत नाही, तो खटके ओढून वाढवायचा. आणि बोट उचललं की सूर तुटतो, म्हणून कधी उचलायचं हेच मुख्य शिक्षण. दोन वर्षं तरी धरा. पायपेटी वाजवत असाल तर सवयीनं तालावर पाय हलवू नका, तिथं पायांना दुसरं काम आहे.

पर्यटक व्हिसावर जाऊन पगारी काम करता येत नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. मी विद्यार्थी होतो, विद्यार्थ्यांना सुट्टीत पूर्णवेळ काम चालतं. पण २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना नॉर्वेत फी भरावी लागते, त्यामुळे माझा मार्ग तुम्हाला महाग पडेल.

बियाणं त्याच पैशाचं आलं. उगवलंही. एकरी किती झालं ते मात्र भाऊ अजून मला सांगत नाही.