वाळवंटात लग्न करतोस तं आधी हे वाच

भाऊ, पह्यले कागद मंग वाळू. स्पेशल मॅरेज ॲक्टमधे नोटीस देल्यावर 30 दिवस थांबा लागते अन् दोघांपैकी एक जण तरी त्या जिल्ह्यात 30 दिवस राह्यलेला पाह्यजे, म्हणून रजिस्ट्रेशन इकडं यवतमाळलेच उरकून घे (साक्षीदार तीन लागतात), जैसलमेरले फक्त हार घालाले जाय. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूले संध्याकाळी नको, उंट जीपा डीजे, निस्ती जत्रा असते बाप्पा. पहाटे अंधारातच निंघ, शहरातून 40 किमी आहे. आन् डिसेंबर असन तं शाली घे, आमाले वाटलं वाळवंट म्हंजे गरम, बायकोचे दात मंगलाष्टक सरेपर्यंत कटकट वाजत होते. अक्षता मुठीत घट्ट धरजा, आमच्या तं वाऱ्यानं अर्ध्या भटजीच्याच डोळ्यात गेल्या.