चेक आणि एनईएफटीचे पैसे जमा व्हायला अजूनही दोन-तीन दिवस का लागतात? बँका मुद्दाम अडवून ठेवतात का?

तुमचा प्रश्न असा की यूपीआय क्षणात होतं, मग चेक आणि एनईएफटीचंच घोडं कुठे अडतं, आणि तेवढ्या वेळात बँका आपले पैसे वापरतात का. सरळ सांगते. यंत्रणा हळू नाही, माणसं हळू आहेत. आणि त्यातली निम्मी माणसं बँकेत नसतातच, ती पैसे देणाऱ्याच्या ऑफिसात बसलेली असतात. "आमच्याकडून झालंय, बँकेकडूनच उशीर होतोय" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की हल्ली ते ऐकलं की मी आधी यूटीआर नंबर मागते, म्हणजे पैसे खरंच निघाले की बँक त्या व्यवहाराला देते तो नंबर.

धनकवडीत माझा फराळाचा व्यवसाय आहे. वर्षभर भाजण्या, चटण्या, लाडू; दिवाळीला कंपन्यांचे बॉक्स. 2025च्या दिवाळीत खराडीच्या एका कंपनीची ऑर्डर मिळाली, पावणेसहा लाखांच्या घरातली. माझ्यासाठी ती आजवरची सगळ्यात मोठी. मी म्हटलं, निम्मे आधी घेऊ आणि उरलेले माल निघायच्या दिवशी आरटीजीएसने, म्हणजे मोठी रक्कम थेट खात्यात लगेच पोचवणाऱ्या बँकेच्या सोयीने. माझे दीर हिशेब बघतात. आयुष्यभर सरकारी लेखा विभागात काम केलेले. ते म्हणाले, "वहिनी, एवढ्या मोठ्या कंपनीकडे ॲडव्हान्स मागितलात तर पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाहीत. त्यांचा चेक हातात आला म्हणजे पैसे आलेच समजा." मला ते पटलं नव्हतं आणि मी तसं तेव्हाच बोलले होते. पण कंपनीशी बोलणं त्यांनी केलं आणि चेकवर ठरवून आले.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी माल गेला, चेक आला, आणि भाऊजींनी तो बँकेच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकला.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. चेकचा कागद आता कुठे जात नाही, त्याचा फोटो आणि खालच्या पट्टीवरचे आकडे जातात. 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेने गठ्ठ्याने क्लिअरिंग करायची जुनी पद्धत बंद केली. तेव्हा ठरलेली वेळ अशी होती: सकाळी 10 ते दुपारी 4 चेक येतील तसे स्कॅन करून पुढे पाठवायचे, समोरच्या बँकेने संध्याकाळी 7 पर्यंत हो किंवा नाही सांगायचं, आणि काहीच सांगितलं नाही तर चेक मंजूर धरायचा. 11 पासून दर तासाला बँकांचा आपसातला हिशेब मिटतो, आणि तो मिटला की तासाभरात पैसे खातेदाराला द्यायचे. म्हणजे सकाळी काउंटरवर दिलेला चेक रात्रीपर्यंत खात्यात दिसायला हवा. पण हे घड्याळ चेक स्कॅन झाल्यावर सुरू होतं. आमच्या शाखेतला डबा दिवसातून एकदाच, सकाळी उघडतात. भाऊजींनी दुपारी टाकलेला चेक रात्रभर तिथे पडून होता, आणि त्यात रिझर्व्ह बँकेचा काही दोष नव्हता.

शुक्रवारी रात्रीपर्यंत काही आलं नाही. धनत्रयोदशीला, शनिवारी, मी स्वतः शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलीने वर न बघता सांगितलं, "नवीन सिस्टीम आहे, सगळीकडेच उशीर होतोय." त्या सुरुवातीच्या दिवसांत देशभर चेक अडकले होते हे खरं आहे. पण माझा अडकला नव्हता. मी हलले नाही, स्क्रीनवर बघायला लावलं, तेव्हा कळलं की चेक आदल्या संध्याकाळीच परत आलाय. कारण पॉझिटिव्ह पे. 1 जानेवारी 2021 पासून पन्नास हजार आणि वरच्या चेकसाठी ही सोय आहे: चेक देणाऱ्याने नंबर, तारीख, नाव, रक्कम आपल्या बँकेला आधी कळवायची. पाच लाखांपासून वर ती सक्तीची करायची मुभा बँकांना आहे, आणि त्या कंपनीच्या बँकेने केलेली होती. कंपनीच्या अकाउंट्स विभागाने काही कळवलंच नव्हतं. मी रिटर्न मेमो, म्हणजे चेक का परत आला ते लिहिलेला बँकेचा कागद, मागून घेतला.

कंपनीत फोन केला तर पहिलं वाक्य, "मॅडम, तुमच्या बँकेचा प्रॉब्लेम असेल." मी मेमोवरचं कारण वाचून दाखवलं. मग "सोमवारी आरटीजीएस करतो". शनिवारी का नाही, म्हटलं. आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, रविवारी, सणासुदीला, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसुद्धा चालू असतं. तेव्हा खरं कारण बाहेर आलं. एकजण व्यवहार भरतो, दुसरा मंजूर करतो, आणि तो दुसरा सुट्टी टाकून गावी गेला होता. वर माझं खातं त्यांच्याकडे नव्याने जोडायचं होतं. भाऊबीज होऊन गेल्यावर त्या माणसाने बटण दाबलं आणि काही मिनिटांत माझ्या फोनवर मेसेज आला. मधल्या सगळ्या दिवसांत पैसे कंपनीच्याच खात्यात होते. ते कुठल्या बँकेच्या वाटेवर अडकलेले नव्हते.

त्या दिवसांत माझ्याकडे काम केलेल्या बायकांची मजुरी द्यायची होती. रात्री अकरापर्यंत चकल्या पाडणाऱ्या, पोह्यांच्या चुऱ्याने हात सोललेल्या बायका. लक्ष्मीपूजनाच्या आधी पैसे मिळतील हा शब्द त्यांना मी दिला होता, कंपनीने नाही. एकीला भाऊबीजेला बार्शीला जायचं होतं, तिचा माझ्यावर भरवसा होता म्हणून तिने दुसरीकडचं काम सोडलं होतं. मार्केट यार्डातला भुसार व्यापारी जुना, तो थांबला. बायकांना मी थांबा म्हणणार नव्हते. आमच्या बचत गटातून कर्ज काढलं आणि प्रत्येकीला पूर्ण मजुरी दिली, ज्यांच्याकडे यूपीआय नव्हतं त्यांना रोख. गटाच्या अध्यक्षांनी दुपारच्या दुपारी घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या. पावणेसहा लाखांचा चेक देणाऱ्या कंपनीला जे सुचलं नाही ते धनकवडीतल्या त्या बाईंना सुचलं.

एनईएफटीचं सांगते. 16 डिसेंबर 2019 पासून ते रात्रंदिवस चालतं, दर अर्ध्या तासाला एक बॅच. बॅचचा हिशेब मिटल्यावर दोन तासांत पैसे तुमच्या खात्यात जमा व्हायला हवेत, नाहीतर पाठवणाऱ्याकडे परत. त्याहून उशीर झाला तर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक दोन टक्के दराने व्याज द्यायचा नियम आहे. ते मागावं लागू नये, पण तुम्ही मागाच. म्हणून "दोन दिवसांपूर्वी एनईएफटी केलंय" असं कोणी म्हणालं तर बहुतेक वेळा अर्थ एवढाच की त्याने व्यवहार भरलाय आणि वरच्याने अजून मंजूर केलेला नाही. यूटीआर नंबर नाही म्हणजे पैसे निघालेलेच नाहीत, मग तुमच्या बँकेत जाऊन भांडण्यात अर्थ नाही. नंबर मिळाला आणि तरी पैसे नाहीत, तर तो घेऊन आपल्या शाखेत जा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, 14448 वर माहिती मिळते. यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून कापले गेले पण तिकडे पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, त्यानंतर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. दुकानदाराच्या व्यवहाराला ही मुदत पाच दिवसांची.

आता भाऊजी. ते अजून म्हणतात की चेक म्हणजे पुरावा, मागे 138 कलमाचा, म्हणजे चेक न वटल्यास खटला भरता येण्याचा, धाक असतो, आरटीजीएसच्या नुसत्या शब्दाला काय आहे? ते कलम खात्यात पुरेसे पैसे नसताना परत येणाऱ्या चेकसाठी आहे. कंपनीच्या खात्यात पैसे होते. त्या कलमाचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता. पुरावाच हवा असेल तर परचेस ऑर्डर घ्या, डिलिव्हरी चलनावर सही-शिक्का घ्या. माल आधी आणि चेक नंतर या पद्धतीत सगळी जोखीम लहान माणसाच्या डोक्यावर येते, आणि मोठ्या कंपनीकडे ॲडव्हान्स मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. त्याच कंपनीने 2026च्या दिवाळीसाठी पुन्हा विचारलंय. मी निम्मे आगाऊ, उरलेले माल निघण्याआधी असं लिहून पाठवलं आणि त्यांनी ते मान्य केलं. दारात उभं केलं नाही असं काही झालं नाही.

चेक अजिबातच घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. सोसायटीचा मेंटेनन्स, घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक, मोबाईलला हात न लावणारी वयस्कर माणसं, यांचं चेकवर व्यवस्थित चालतं. फक्त तो डब्यात टाकू नका, सकाळी काउंटरवर देऊन स्लिपवर शिक्का घ्या, आणि पाच लाख किंवा त्याहून मोठा असेल तर देणाऱ्याला पॉझिटिव्ह पे भरलं का हे आधी विचारा. बँकेत निष्काळजी लोक असतात हेही मी नाकारत नाही, आमच्या काउंटरवरच्या मुलीचं वर सांगितलंच. तुम्ही प्रश्नात रक्कम किंवा पाठवणारा कोण ते लिहिलेलं नाही. पाठवणारी कंपनी असेल तर आजच त्यांच्याकडे यूटीआर मागा, आणि तो नुसता फोनवर सांगितला तर ईमेलने पाठवायला लावा.