चित्र ‘करवले’ म्हणावे

प्रश्न असा आला आहे : “घरातल्या ध्यानाच्या खोलीसाठी आम्ही एका चित्रकाराकडून मोठं चित्र काढून घेतलं. खाली पितळेची पट्टी लावायची आहे. ‘कमिशन केले’ हे मराठीत कसं लिहावं? एकाने ‘कार्यादेशित’ सुचवलं, पण ते मनाला पटत नाही.”

मलाही पटत नाही. कार्यादेश रस्तेदुरुस्तीच्या ठेकेदाराला निघतो. ‘कमिशन’ तसंच ठेवलं तर मराठी वाचकाला आधी दलाली आठवते. ‘सुपारी’ हा खरं तर बँड किंवा तमाशा ठरवण्याचा साधा शब्द, पण आता तो देवाधर्माजवळ नेण्यासारखा राहिलेला नाही.

तुम्ही सहज लिहून गेलात ते ‘काढून घेतलं’ जवळजवळ बरोबर आहे. अडचण एवढीच की ‘त्यांच्याकडून चित्र काढून घेतलं’ याचा अर्थ हिसकावलं असाही होतो. पट्टीवर अशी शंका नको. म्हणून ‘करवणे’ घ्या.

हे क्रियापद अशाच कामासाठी पूर्वी दगडात कोरलं गेलं आहे. कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराची, म्हणजे जैनांच्या बाहुबलीची, सुमारे ५७ फुटांची मूर्ती आहे. तिच्या पायाशी मराठी ओळी आहेत : ‘श्री चावुण्डराजें करवियलें’ आणि ‘श्री गंगराजें सुत्ताले करवियलें’. चावुण्डराज या मंत्र्याने मूर्ती करवली, पुढे गंगराज या सेनापतीने तिच्याभोवतीचं आवार करवलं. तिथेच चावुण्डराजाबद्दल हेच कन्नडमध्ये ‘माडिसिदं’ आणि तमिळमध्ये ‘चेय्वित्तान्’ असं कोरलेलं आहे. तिन्ही भाषांनी प्रयोजक क्रियापदच वापरलं, म्हणजे करणारा वेगळा आणि करवणारा वेगळा. मला या तीन शब्दांचं फार अप्रूप वाटतं.

इमारतीच्या बाबतीत मराठी एवढी काटेकोर नसते. अहिल्याबाईंनी १७८० साली काशीविश्वेश्वराचं मंदिर बांधलं, असं आपण म्हणतो. विटा त्यांनी रचल्या असं कुणी समजत नाही. पण ‘जोशींनी चित्र काढलं’ म्हटलं की जोशीच चित्रकार ठरतात. चित्रासाठी प्रयोजक रूप टाळून चालत नाही ते यामुळे.

बोलताना मात्र याहून सोपे शब्द आहेत. दागिने सोनाराकडे ‘करायला टाकतात’, गणपतीची मूर्ती मूर्तिकाराला ‘सांगतात’. कोकणात घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी, नेऊन देतात. पाट दिला म्हणजे मूर्ती सांगितली, आणि ती त्याच पाटावर बसून घरी येते. तेव्हा पाहुण्यांना ‘हे चित्र आम्ही मुद्दाम सांगून करून घेतलं’ असं खुशाल सांगा. त्यात ते तयार विकत आणलेलं नाही, हेही येतं.

पट्टीवर मात्र एक गोष्ट चावुण्डराजापेक्षा वेगळी करा. त्या ओळीत घडवणाऱ्याचं नाव नाही. मराठीने करणाऱ्यासाठी ‘कडून’ ही जागा ठेवली आहे, ती रिकामी सोडू नका. जिच्यासमोर रोज डोळे मिटून बसायचं, ती आकृती कुणाच्या हातून उतरली हे घरातल्या पुढच्या पिढीला कळायला हवं. मी असं लिहीन :

‘अमुक कुटुंबाने चित्रकार तमुक यांच्याकडून हे चित्र करवले.’

दोन वाक्यं चालत असतील तर चित्रकाराला आधी बसवा : ‘चित्र : तमुक. करवले : अमुक कुटुंब.’ हे मला जास्त आवडतं. ‘करविले’ही शुद्ध आहे, फक्त जरा जुन्या वळणाचं.

आणि साल घाला. श्रवणबेळगोळच्या मराठी ओळींत ते नाही. त्या दहाव्या शतकातल्या की बाराव्या, यावर अभ्यासकांनी किती शाई खर्च केली आहे.