पहिल्यांदा ग्रामसभेला चाललास? मग ऐक भाऊ

भाऊ, गटारीचा विषय नुसता तोंडी मांडू नको, अर्ज लिही, दोन प्रती कर अन एकीवर ग्रामसेवकाकडून पोच घे, तारीख-शिक्क्यासकट. मी तीन वर्षं फक्त बोलत राहिलो, प्रोसिडिंगमधे, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, एक ओळ नव्हती, आजही वाईट वाटतं. कोरमला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल ते, म्हणून गल्लीतले लोक सोबत ने, केळी कापणीचा दिवस असला तरी तासभर या म्हणा. कोरम न भरल्यानं सभा तहकूब झाली तर पुढच्या वेळी घरी बसू नको, तहकूब सभेला कोरम लागत नाही, चार लोकांत ठराव होऊन जातात. अन महिला ग्रामसभा आधी होते, तिथं काकू-वहिनींना पाठवच, पाण्याचे हाल त्यांच्याइतके कोणाला माहीत? ठराव लिहून झाला की सगळ्यांसमोर वाचायला सांग.