पटल, पडदा की आवरण?

जीवशास्त्रावरच्या एका लेखाचं भाषांतर करणाऱ्या मैत्रिणीने परवा एक वाक्य तपासायला पाठवलं: 'मेद आणि आवरणावरील प्रथिने पेशीतील संदेशवहन व चयापचय यांना आकार देतात.' सोबत दोन प्रश्न. मेंब्रेनला, म्हणजे पेशीच्या कडेच्या पातळ थराला, आवरण म्हणावं, पडदा म्हणावं की पटल? आणि लिपिडसाठी मेद चालेल ना?

पटल म्हणावं, आणि मेद चालणार नाही. उत्तर एवढंच होतं. पण वाक्यातली खरी गोम तिने न विचारलेल्या जागी आहे, 'आवरणावरील' मधल्या 'वरील'मध्ये. तिथवर जायचं तर पटलापासून निघावं लागतं.

पटल हा शब्द आपण नेहमी वापरतो, फक्त सुटा वापरत नाही. दृष्टिपटल, कर्णपटल, श्वासपटल, स्मृतिपटल. अहवाल ठेवतात तोही सभागृहाच्या पटलावर. संस्कृतात या शब्दाला दोन वेगळ्या वाटेचे अर्थ आहेत. एक झाकण्याचा: छप्पर, डोळ्यावर येणारा पापुद्रा. दुसरा दाटीचा, समूहाचा: आभाळात ढग गोळा झाले की ते मेघपटल. पेशीपटल म्हणताना आपल्या कानाला पहिलाच अर्थ ऐकू येतो. माझा आग्रह दुसऱ्याचा आहे. पेशीभोवती जे काही आहे ते झाकण कमी आणि दाटी जास्त आहे.

आवरणाचा निकाल लवकर लागतो. आवरण काढून ठेवता येतं आणि आतली वस्तू जशीच्या तशी राहते. पेशीचं पटल काढलं तर मागे पेशी उरत नाही. शिवाय विषाणूच्या बाहेरच्या वेष्टनाला आवरण म्हणायची पद्धत आधीच पडली आहे, तिथे गोंधळ नको. भिंत तर नकोच. वनस्पतींच्या आणि जिवाणूंच्या पेशींना पटलाबाहेर खरोखरची भिंत असते, तिला शाळेच्या पुस्तकापासून आपण पेशीभित्तिका म्हणत आलो आहोत.

पडदा मात्र मोहात पाडतो. फारसीतून आलेला, घरचा झालेला शब्द. पण पडद्यातले धागे एकमेकांना सोडून हिंडायला लागले तर पडदा उरेल का? पटलात नेमकं तेच चालतं. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन या शास्त्रज्ञांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकमेकींत मिसळवून एकच जोडपेशी तयार केली. कोणतं प्रथिन कुणाचं हे कळावं म्हणून चकाकणारे रंग लावलेली प्रतिद्रव्यं वापरली: उंदराची प्रथिनं हिरवी दिसणार, माणसाची लाल. सुरुवातीला पेशीचा अर्धा भाग हिरवा, अर्धा लाल. ३७ अंश सेल्सिअसला साधारण ४० मिनिटं गेली आणि बहुतेक जोडपेशींवर दोन्ही रंग सगळीकडे कालवले गेले होते. कुणी ढवळलं नव्हतं. तापमान १५ अंशांच्या खाली ठेवलं की हेच मिसळणं एकदम मंदावायचं. म्हणजे पटल हे कापड नाही, तो एक अतिशय पातळ द्रव आहे आणि त्यात प्रथिनं तरंगत सरकतात.

दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, सिंगर आणि निकोल्सन यांनी या चित्राला 'फ्लुइड मोझेक' असं नाव दिलं. त्याचं मराठी करताना 'द्रायू' वापरलेला दिसतो. द्रव आणि वायू यांची मोट बांधून केलेला हा शब्द भौतिकशास्त्रात झकास आहे, पण इथे वायूचा काही संबंधच नाही. 'तरल' म्हटलं की मराठी वाचकाला कविता आठवते. मी 'प्रवाही' लिहितो आणि मोझेकला मोझेकच ठेवतो.

आता मेद. मराठीत मेद वाढतो, साठतो, झडतो. आयुर्वेदाच्या सात धातूंमध्येही रस, रक्त, मांस यांच्यानंतर तो येतो. या शब्दात साठ्याची कल्पना मुरलेली आहे, आणि रसायनाच्या भाषेतही ती बरोबरच आहे. मेदाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेली तीन मेदाम्लं. तिन्ही पाण्याला टाळणारी. असे रेणू पाण्यात टाकले की ते गोळा होऊन थेंब होतात आणि थेंबच राहतात. पटलातला मुख्य रेणू, फॉस्फोलिपिड, याचा सख्खा भाऊ आहे, पण एका जागी फरक आहे: मेदाम्लाच्या शेपट्या दोनच, आणि तिसऱ्या जागी फॉस्फेट असलेलं डोकं, ज्याला पाणी हवंहवंसं असतं. मग पाण्यात त्यांची रचना आपोआप होते. शेपट्या आत एकमेकींकडे तोंड करून, डोकी दोन्ही बाजूंना पाण्याकडे. दोन थर, मिळून जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. नुसत्या मेदापासून हे पटल कधीच तयार होणार नाही. म्हणजे 'मेदाचे पटल' हा शब्दप्रयोग कानाला बरा वाटला तरी तो ज्या रेणूचं नाव घेतो त्याला हे काम जमतच नाही.

लिपिड हे नाव त्या मानाने तरुण आहे. ग्रीकमध्ये चरबीला जे नाव आहे त्यावरून फ्रेंच शास्त्रज्ञ बर्त्राँ यांनी ते १९२३ मध्ये सुचवलं, आणि ते मुद्दामच सैल ठेवलेलं आहे. मेद त्यात येतो, फॉस्फोलिपिड येतं, कोलेस्टेरॉलही येतं. (कोलेस्टेरॉल हे नाव पित्त आणि घट्ट या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आलं, कारण ते आधी पित्ताच्या खड्यांत सापडलं. पटलात त्याचा केवढा वाटा आहे हे कळायला बराच काळ जावा लागला.) सगळा मेद लिपिड असतो, सगळी लिपिडं मेद नसतात.

इथे एक कबुली. एके काळी मी 'स्नेह' या शब्दाच्या प्रेमात होतो. स्निह् या धातूत चिकटणं, तेलकट असणं आणि माया करणं असं सगळं एकत्र आहे. स्निग्ध पदार्थ आपण म्हणतोच, मग लिपिडला स्नेहरेणू का म्हणू नये? मग लक्षात आलं, की पाण्याकडे ओढ असलेल्या त्या डोक्याला मराठीत 'जलस्नेही' म्हणतात. म्हणजे स्नेह शेपटीत आणि स्नेही मात्र डोकं! वाचकाने काय समजायचं? मी माझा लाडका शब्द गुपचूप परत घेतला. लिपिड हा शब्द रक्ततपासणीच्या अहवालातून लाखो लोकांच्या तोंडी बसला आहे, त्याला हाकलून काही मिळायचं नाही. प्रथिनासारखाच तो नपुंसकलिंगी चालवावा: ते लिपिड, लिखाणात ती लिपिडे, बोलण्यात लिपिडं. 'लिपिड्स' लिहू नये, कारण मग 'लिपिड्सांचे' असं विभक्तीचं कडबोळं होतं.

आता ते 'वरील'. 'आवरणावरील प्रथिने' वाचलं की प्रथिनं पृष्ठभागावर ठेवलेली दिसतात, भिंतीवर तसबिरी असाव्यात तशी. काही प्रथिनं खरंच तशी असतात, पटलाला नुसती टेकलेली. पण संदेशाचं मोठं काम करणारी बहुतेक प्रथिनं पटलाच्या आरपार गेलेली असतात. ॲड्रेनॅलिन ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनाची (रिसेप्टरची) साखळी पटलातून सात वेळा ये-जा करते. धावदोरा घातल्यासारखी: सुई वरून खाली, खालून वर, पुन्हा खाली. सात हा आकडा विषम आहे, म्हणून दोऱ्याचं एक टोक पेशीबाहेर राहतं आणि दुसरं आत. बाहेर ॲड्रेनॅलिन येऊन बसलं की टाके जरासे सरकतात आणि आतल्या बाजूचा आकार बदलतो. अशा प्रथिनांच्या अभ्यासासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे सगळं 'वरील' या एका शब्दयोगी अव्ययाने पुसून टाकलं जातं. म्हणून समास करावा: पटलप्रथिने. समासात वर, आत, आरपार यांपैकी काहीच बोलावं लागत नाही. जिथे बोलणं भाग आहे तिथे 'आरपार' हा आपला शब्द हाताशी आहे.

(ग्राही का आणि ग्राहक का नाही, असं कुणी विचारेल. ग्राहकाचंच आपण गिऱ्हाईक केलं आहे, एवढं कारण पुरे.)

संदेशवहन हा शब्द रूढ आहे, तो बदलावा असं मी म्हणत नाही. फक्त त्यातल्या 'वहन'ने फसू नये. वहनात एक वस्तू इथून उचलून तिथे पोचते. इन्शुलिनचं उदाहरण घ्या. आपलं काम करायला त्याला पेशीत शिरावं लागत नाही. ते बाहेरच्या बाजूने ग्राहीवर बसतं, ग्राहीचं आतलं टोक जागं होतं, आणि मग जे घडतं त्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतो आहे. पटलाच्या आतल्या थरात पीआयपी-२ नावाचं एक लिपिड थोड्या प्रमाणात असतं. एक विकर (एन्झाइम) येऊन त्याच्या डोक्याला आणखी एक फॉस्फेट जोडतं, झालं पीआयपी-३. रेणू होता तिथेच आहे, शेपट्या पटलात रुतलेल्या, फक्त डोकं बदललं. पण आतल्या द्रवात हिंडणारी काही प्रथिनं नेमकं तेच डोकं ओळखतात आणि येऊन त्याला चिकटतात. त्यांतलं एक, एकेटी, पुढची चक्रं फिरवतं. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत ग्लुकोजला वाट देणारी प्रथिनं बारीक पुटिकांच्या, म्हणजे इवल्या पिशव्यांच्या, पटलात बसून आत थांबलेली असतात. त्या पुटिका आता बाहेरच्या पटलाकडे निघतात आणि त्यात मिसळून जातात. पटल पटलात विरघळलं, वाट दाराशी आली, ग्लुकोज आत. काम झालं की पीटेन नावाचं विकर ते जादा फॉस्फेट काढून टाकतं. अनेक कर्करोगांत हे पीटेनच बिघडलेलं किंवा गायब झालेलं आढळतं, म्हणजे निरोप पोचल्यावरही घंटा वाजतच राहते.

या साखळीत कुणीही निरोप उचलून नेला नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याला ढोसलं. आणि मधला एक गडी लिपिड होता. तिथे मेद लिहून पाहा: 'मेदाला एक फॉस्फेट जोडले की पेशीला निरोप मिळतो.' वाचकाच्या डोळ्यांपुढे चरबीचा गोळा येतो आणि वाक्य तिथेच बसकण मारतं.

चयापचय या शब्दाला मात्र मी हातही लावणार नाही. चय म्हणजे रचणं, अपचय म्हणजे मोडणं, आणि दोन्ही एका दमात. लिपिडांचा त्याच्याशी असलेला संबंध मला सगळ्यात आवडतो तो पेशीच्या आतल्या एका पटलात, आंतर्द्रव्यजालिकेच्या (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या). तिथे कोलेस्टेरॉल मुळात कमी असतं. त्या पटलातल्या लिपिड-रेणूंत त्याचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांच्या खाली गेलं, की पटलातच अडकवून ठेवलेलं एक प्रथिन सुटतं. त्याला आधी गॉल्गी पिंडाकडे नेलं जातं, तिथे त्याचा एक तुकडा कापला जातो आणि तो तुकडा केंद्रकात जाऊन कोलेस्टेरॉल बनवणारी जनुकं चालू करतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेणारे ग्राहीही वाढतात. हे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत उलगडलं, त्यांना १९८५ चं नोबेल मिळाल्यानंतरच्या वर्षांत. इथे पटलच मोजतं आणि पटलच कळवतं. हे पटल पेशीच्या पोटात आहे, पेशीला ते कुठूनही झाकत नाही, हेही बघा. आवरण हा शब्द इथे कसा बसवणार?

राहिलं 'आकार देतात'. ही सरळसरळ इंग्रजीची सावली. गंमत म्हणजे शब्दशः घेतलं तर तेही खरं आहे: काही लिपिडांचं डोकं लहान आणि शेपट्या फाकलेल्या असतात, त्यांच्यामुळे पटलाला बाक येतो. पण मूळ लेखकाला ते म्हणायचं नाही. मराठीत संदेशवहनाला आणि चयापचयाला कुणी आकार देत नाही. ते कसं चालावं हे ठरवतो.

मी तिला कळवलेलं वाक्य असं: 'पेशीत निरोप कसा पोचतो आणि चयापचय कोणत्या बाजूला झुकतो, हे लिपिडे आणि पटलप्रथिने मिळून ठरवतात.' ते तिला पटलं, पण लगेच पुढचा प्रश्न आला. पटलात कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिडं नावाची लिपिडं जिथे दाट गोळा होतात, त्या तरंगत्या ठिगळांना सिमन्स आणि इकोनेन यांनी १९९७ मध्ये 'राफ्ट' म्हटलं, तर त्याला 'लिपिड-मंच' लिहू का? मंच जमिनीत रोवलेला असतो. पाण्यावर तरंगणाऱ्यासाठी आपल्याकडे तराफा आहे, तोच लिही म्हटलं.